सुभेदाराच्या दाढा

उल्हास मयेकरांना आयुष्यात दोन गोष्टींचा गर्व होता, आणि त्या दोन्हींबद्दल ते दिवसातून एकदा तरी बोलत. बायको कंटाळायची, शेजारी कंटाळायचे. पण सदुसष्ट वर्षांच्या माणसाला गप्प कोण बसवणार?

पहिला गर्व स्वतःच्या हातांचा. रत्नागिरीत त्यांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे आणि मयेकर मेणात एकेक दात बसवून, कानशीने घासून, झळाळी देऊन कवळी तयार करायचे. एखादं तोंड अवघड निघालं, तर डॉक्टर तो पेशंटच त्यांच्याकडे धाडायचे. कवळी बसली की मयेकर त्याच्यासमोर खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी सरकवायचे आणि म्हणायचे, "हं, चावा." पेशंटने मूठभर शेंगदाणे खाऊन दाखवले की काम फत्ते. मग छापणारी यंत्रं आली. तोंडात एक कांडी फिरवायची, पडद्यावर जबडा उमटायचा आणि तासाभरात कवळी छापून हातात! २०३८ साली मयेकरांनी शेवटची कवळी केली, ती त्यांच्या बायकोची, नयनाताईंची. हिरड्यांच्या दुखण्यात त्यांचे सगळे दात गेले होते. ती कवळी म्हणजे मयेकरांच्या मते त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात उत्तम काम. पाहुणे आले की ते म्हणायचे, "नयना, जरा हस बघू," आणि त्या बिचाऱ्या हसायच्या.

दुसरा गर्व सुभेदाराचा. सुभेदार म्हणजे त्यांचा बोका. करड्या पट्ट्यांचा, रुंद तोंडाचा, आणि चाल अशी की जणू सगळी आळी याच्याच नावावर आहे. बांगड्याचे काटे काढून त्याला भरवायच्या नयनाताई, पावसात भिजून आला की पुसायच्या नयनाताई. पण रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मयेकर पडवीत खुर्ची टाकून बसले की हा चढायचा त्यांच्या मांडीवर. डोळे मिटायचा आणि घुरघुर सुरू. तास दीड तास हलायचा नाही.

"खायला घालायचं मी आणि मांडी मात्र ह्यांची! नमकहराम मेला," असं नयनाताई आतून ओरडायच्या.

"माया कळते गं त्याला," मयेकर म्हणायचे.

मुलगा-सून दूर बंगळुरूला होती, कामाची खोली बंद पडली होती. दिवसभरात मयेकरांवाचून कुणाचं काही अडत नसे. सहा वाजता मात्र कुणीतरी त्यांना शोधत यायचं, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

२०४६च्या जानेवारीत सुभेदाराला वर्षाची लस टोचायला नेलं. जनावरांची डॉक्टर ओवी घाणेकर त्यांच्याच आळीत लहानाची मोठी झालेली. तिशीची, भरभर बोलणारी, हाताने चपळ. तिने लस टोचली आणि सुभेदाराच्या गळ्यात एक पातळ काळा पट्टा अडकवला.

"हा काय दागिना?" मयेकरांनी विचारलं.

"कळपट्टा, काका. याला किती दुखतंय ते सांगतो. आठ दिवस राहू दे."

"त्याला कुठे काय दुखतंय? खातो, पितो, घुरघुरतो."

"मांजर दुखतानाही घुरघुरतं."

मयेकर हसले. पोरगी शिकलेली होती, पण मांजर त्यांचं होतं.

तिचं म्हणणं असं. मांजर स्वतः शिकार करतं हे खरं, पण रानात त्याचीही शिकार होते. जे लंगडलं, जे विव्हळलं, ते मेलं. त्यामुळे हजारो पिढ्यांत मांजरांनी एक विद्या पक्की केली, दुखणं लपवायची. जुने डॉक्टर चेहरा बघून अंदाज बांधायचे. कान बाहेरच्या बाजूला झुकलेत का, डोळे बारीक झालेत का, गाल आवळलेत का, मिशा ताठ झाल्यात का, मान खाली गेलीय का. पण दवाखान्यात आलेलं मांजर भीतीनेच अर्धं असं दिसतं, मग ओळखायचं कसं? काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेच्या लक्षात आलं की तोंडात ठणका लागला की जबड्याच्या स्नायूत एक अगदी बारीक थरथर सुरू होते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि मांजराला ती थांबवताही येत नाही. चेहऱ्याचं सोंग आणता येतं, या स्नायूचं येत नाही. कळपट्टा ती थरथर टिपायचा, तिच्या जोडीला नाडी आणि श्वास मोजायचा आणि फोनवर शून्यापासून दहापर्यंत एक आकडा दाखवायचा. शून्य म्हणजे काही दुखत नाही. दहा म्हणजे सोसवत नाही.

त्या संध्याकाळी सुभेदार नेहमीसारखा मांडीवर चढला, डोळे मिटून घुरघुरायला लागला. मयेकरांनी कौतुकाने फोन बघितला. आकडा होता आठ.

"नयना! हे यंत्र बिघडलंय," त्यांनी हाक मारली.

यंत्र बिघडलं नव्हतं. आठ दिवसांनी ओवीने सुभेदाराला गुंगी देऊन जबड्याचे फोटो काढले आणि दोघा नवराबायकोंना पडद्यासमोर बसवलं. मयेकरांनी उभ्या आयुष्यात दातांचे हजारो फोटो बघितले होते, पण असं बघितलं नव्हतं. दाढा वरून बऱ्या होत्या. हिरडीच्या खाली मात्र मुळं अर्धीमुर्धी गायब झालेली.

"ही कीड नाही," ते म्हणाले.

"नाही. कीड बाहेरून लागते. इथे याच्याच शरीरातल्या पेशी दाताचं मूळ खातायत. मांजरांत हे खूप होतं, आणि का होतं ते अजून कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. भरून उपयोग नाही, काका. आपण भरायचं आणि मागून खाणं चालूच. आतली नस उघडी पडते, म्हणून हा ठणका. निदान दोन वर्षं सोसतोय हा."

"दोन वर्षं!" नयनाताईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं, पण खात होता की गं."

"एका बाजूने खात असणार. मान वाकडी करत असेल, घास तोंडातून पाडत असेल. नाहीतर न चावता गिळत असेल. मागच्या सगळ्या दाढा काढाव्या लागतील, चौदा. सुळे आणि पुढचे दात राहतील."

मयेकर ताठ बसले. "चौदा दात काढायचे?"

"मांजर आपल्यासारखं चावत बसत नाही हो, काका. तोडतं आणि गिळतं. दाढा नसल्या तरी मजेत खातं."

मग तिने आठ दिवसांचा आलेख दाखवला. सकाळी चार, दुपारी पाच, संध्याकाळी सहापर्यंत चढत चढत आठ, आणि तिथून घसरत सहा. "हे बघा, संध्याकाळी दुखणं चढतं. तेव्हा तुमच्या मांडीची ऊब लागते, जरा बरं वाटतं. म्हणून येतो तो तुमच्याकडे."

ती हे सहज बोलून गेली. मयेकर मात्र बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिले.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले आणि पिंजरा उचलून चालू लागले.

तोवर गावात कळपट्ट्यांची लाट आली होती. ज्याच्या त्याच्या फोनवर आपापल्या मांजराचा आकडा, आणि निम्म्याहून जास्त आकडे वाईट. जेट्टीवरच्या कोळणी फुकट मासे खाऊन माजलेल्या बोक्यांना शिव्या द्यायच्या, त्याच आता त्यांना कुशीत घेऊन दवाखान्यात रांगा लावायला लागल्या. शेजारचे पेडणेकर पाच दिवस नीट जेवले नाहीत, कारण तोंडाला वास येतो म्हणून त्यांनी आपल्या मनीला वर्षभर खोलीबाहेर झोपवलं होतं. काहींनी पट्टे काढून फेकून दिले. म्हणाले, "हे भूत येण्याआधी आमची मांजरं बरी होती." दुखणं तेवढंच होतं. फक्त आता ते दिसत होतं आणि मांजराशी नजर भिडवणं जड जात होतं.

मयेकरांनी पट्टा फेकला नाही. त्यांनी निराळीच युक्ती काढली. मांडीने दुखणं दोन आकडे उतरतं ना? मग ते चारलाच खुर्चीत बसायला लागले. पुढे तीनला. मांडीवर गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल, त्यावर सुभेदार. शेंगदाणे विकणारा पोरगा हाक मारून गेला तरी ते जागचे हलत नसत. पायाला मुंग्या यायच्या. नयनाताई दारातून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. एक दिवस बोलल्या.

"ओवीला फोन केलात?"

"करतो. घाई काय आहे? दात एकदा काढला की परत लावता येत नाही. मी कवळीवाला आहे, मला सांगू नकोस. दात गेलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. पंगतीत मान खाली घालून बसतात लोक. बोलायची लाज, हसायची लाज."

"सुभेदाराला कुठल्या पंगतीत बसायचंय?"

नयनाताई खुर्चीजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? दात गेले की हा तुमच्याकडे यायचा नाही, याची भीती वाटतेय तुम्हाला."

"काहीतरीच काय!"

"मला नका शिकवू. चाळीस वर्षं संसार केलाय."

मयेकर सुभेदाराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "मला वाटायचं, त्याला माझी ओढ आहे," ते म्हणाले. "सगळ्या घरात एवढा एकच माझ्यासाठी म्हणून येतो. आणि आता म्हणतात, तो उबेसाठी येतो. मग मी काय गरम पाण्याची पिशवी आहे?"

 नयनाताईंनी नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नयनाताई महिला मंडळात गेल्या होत्या. आकडा सात होता. सुभेदार पाण्याच्या वाटीशी गेला, जीभ लावली आणि मान झटकून मागे सरला. मयेकरांना ते बघवेना. ते उठले, कामाची खोली उघडली आणि फळीवरची लवंगतेलाची बाटली काढली. ठणकणाऱ्या दाढेवर लवंगतेलाचा बोळा! घराघरातलं औषध. त्यांच्या आईने त्यांना लावलं, त्यांनी मुलाला लावलं, रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या कितीतरी पेशंटना लावलं. यापेक्षा खात्रीचं औषध जगात दुसरं काय होतं? हे आधीच कसं सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले.

सुभेदाराला टॉवेलात गुंडाळून त्यांनी दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोळा नीट दाबला. पाचसहा थेंब असतील. दोन मिनिटांत आकडा पाचवर आला. मग तीन. मग दोन!

"बघ! बघ लेका!" मयेकर एकटेच ओरडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. चौदा दाढा काढायला निघाली होती पोरगी! जुनी विद्या ती जुनी विद्या.

सुभेदाराच्या तोंडातून लाळ गळायला लागली. आधी थोडी, मग धार. तो मांडीवरून उतरला, दोन पावलं गेला आणि त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले. उलटी झाली. परत झाली. तो भिंतीला टेकून उभा राहायला बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

नयनाताई फाटकातून आत आल्या तेव्हा मयेकर जमिनीवर बसले होते. सुभेदार त्यांच्या छातीशी होता आणि ते नुसतं म्हणत होते, "काय केलं मी, काय केलं मी."

रिक्षा केली. दवाखान्यात ओवीने मयेकरांच्या हातांचा वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

"लवंगतेल? काका! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच लावतात गं. मी जन्मभर—"

"माणसांना! माणसाचं यकृत ते पचवतं. मांजराच्या यकृतात ती सोयच नाही. आपल्याला औषध, ते त्याला विष." ती बोलत होती आणि तिचे हात चालू होते. तोंड धुतलं, सलाईन लावलं, रक्त काढलं. "किती थेंब?"

"पाच. सहा असतील."

"आणखी लावलं असतंत तर आज हात हलवत घरी गेला असतात."

तीन दिवस सुभेदार दवाखान्यात होता. मयेकर सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर आणि संध्याकाळी ओवीने हाकलेपर्यंत आत. जेवणाचा डबा नयनाताई आणायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ओवीने रक्ताचा अहवाल बघून निःश्वास टाकला.

"वाचला. यकृत सावरतंय. आणखी दहा दिवस जाऊ देत, मग दाढा काढू." तिने कागद पुढे केला. "इथे सही करा, काका."

मयेकरांनी पेन घेतलं, आणि हात तिथेच थांबला. त्या तीन दिवसांत ते खचले होते, स्वतःवरचा विश्वास गेला होता, आणि नेमक्या अशा वेळी माणूस जुनी गोष्ट घट्ट धरतो.

"ओवी, राग मानू नकोस," ते म्हणाले. "पण मी एकदा चुकलोय. पुन्हा चुकायचं नाही मला. चौदा दात म्हणजे... तो कसा जगेल गं? तुझ्या दुसऱ्या औषधांनी नाही का भागणार? मी मांडीवर घेऊन बसेन. दिवसभर बसेन."

ओवी काही बोलणार, तोच नयनाताईंनी तिला हाताने थांबवलं.

"ओवी, मांजराचे दात दुखतायत हे कशावरून ओळखायचं म्हणालीस? परत सांग बघू."

"एका बाजूने खातं, काकू. मान वाकडी करतं. कडक घास सोडून देतं. नाहीतर न चावता गिळतं."

"बरं," नयनाताई म्हणाल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर तोंडाशी नेला आणि वळल्या तेव्हा त्यांच्या हातात कवळी होती. मयेकरांची सगळ्यात उत्तम कवळी. रुमाल पसरून त्यांनी ती टेबलावर, त्या कागदाच्या शेजारी ठेवली. मग टेबलावरच्या बॅटरीकडे बोट दाखवून ओवीला खूण केली आणि तोंड उघडलं.

ओवीने डोकावून बघितलं. "काकू, हिरडी सोललीय. मागे, डावीकडे. घट्टा पडलाय. हे आजचं नाही."

"आठ वर्षांचं आहे," नयनाताई बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

मयेकर बघतच राहिले. "पण शेंगदाणे? तू माझ्यासमोर शेंगदाणे खाल्लेस!"

"गिळले. मूठभर, एकेक करून, न चावता. दोन दिवस पोटात दुखत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस? आठ वर्षं?"

"कसं सांगणार? यंत्राने तुमचा धंदा बसवला होता. खोलीला कुलूप लागणार होतं. आणि तुम्ही ती कवळी माझ्या हातावर ठेवलीत तेव्हा तुमचं तोंड असं फुललं होतं... तेव्हा ठरवलं, ही दुखते असं नाही म्हणायचं. पुढे रोज वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं."

"छापून घ्यायचीस ना एक, मला न कळवता!"

"तुमच्या घरात राहून दुसऱ्याची कवळी घालू?" नयनाताईंना त्या स्थितीतही राग आला. मग त्या निवल्या. "अहो, दात नसल्याने माणूस मरत नाही. रात्री ही काढून वाटीत ठेवते ना, तेव्हा दिवसातलं सगळ्यात जास्त सुख वाटतं मला. दुखतं ते गेलं की बरंच वाटतं हो. सुभेदारालाही बरंच वाटेल. करा सही."

मयेकरांनी सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की ओवीने खाली त्यांचं नाव पुन्हा लिहून घेतलं.

ऑपरेशनला दोन तास लागले. ओवीने चौदाही दाढा एका बाटलीत घालून मयेकरांच्या हातात दिल्या. त्यांनीच मागितल्या होत्या. घरी येऊन त्यांनी त्या कामाच्या भिंगाखाली एकेक करून बघितल्या. मुळं वाळवी लागलेल्या लाकडासारखी पोखरलेली. एका दाढेचं मूळ चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला. यावर हा दोन वर्षं खात होता, आणि माझ्या मांडीवर बसून घुरघुरत होता, या विचाराने ते भिंगावर कपाळ टेकून रडले.

दहा दिवसांत सुभेदार निराळाच झाला. आकडा तीन, मग एक, मग शून्य. सातव्या वर्षी तो सहा महिन्यांच्या पिल्लासारखा बाटलीच्या झाकणामागे धावायला लागला. सुके बोंबील हिरड्यांनीच चेपून गिळायचा आणि आणखी मागायचा. पेडणेकरांच्या पत्र्यावर चढून त्यांच्या मनीला हाका मारायला लागला. रस्त्यातल्या कुत्र्यावर गुरकावला. सगळी आळी हसली.

मांडीवर मात्र तो आला नाही.

मयेकर रोज सहाला खुर्ची टाकायचे. सुभेदार समोरून जायचा, पायाला अंग घासायचा, क्षणभर थांबायचा आणि कुंपणावर उडी मारून पसार व्हायचा. मयेकर फोन काढून आकडा बघायचे. शून्य. ते मान हलवायचे आणि फोन खिशात ठेवायचे.

पंधराव्या दिवशी नयनाताईंनी आतून विचारलं, "आजपण नाही आला?"

"नाही. त्याला बरं वाटतंय."

"वाईट वाटतं ना?"

"वाटतं तर! पण तो आता मांडीवर आला ना, तर पहिली भीतीच वाटेल मला." त्यांनी दुसरी खुर्ची जवळ ओढली. "नयना, इकडे ये. बस."

त्या भिजलेले हात पदराला पुसत आल्या आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या सहा वाजता पडवीत बसल्या नव्हत्या. ती वेळ सुभेदाराची होती.

"मी चौकशी केली," मयेकर म्हणाले. "स्टँडजवळ चांगली डॉक्टर आहे, कवळी छापून देते. तासाभरात. एका केसाचाही फरक पडत नाही म्हणतात. उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय तुझ्यासाठी. मी येतो बरोबर."

नयनाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या यंत्राचं नाव घरात काढायची सोय नव्हती, त्याची वेळ हा माणूस स्वतः घेऊन बसला होता.

"रद्द करा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण—"

"मला तुमच्याच हातची हवी. यंत्राची घ्यायची असती तर केव्हाच घेतली असती. फक्त या खेपेला शेंगदाणे नकोत. या खेपेला मला विचारायचं."

कामाच्या खोलीचं कुलूप निघालं. चार संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी माप, मग मेण, मग दात, आणि पाचव्या दिवशी सहा वाजता नयनाताई दिव्याखालच्या स्टुलावर बसल्या आणि मयेकरांनी नवी कवळी त्यांच्या तोंडात बसवली.

"मीट तोंड. दुखतंय?"

"छे. छान बसलीय."

मयेकरांनी कानशी खाली ठेवली. जन्मभर ते पेशंटच्या दातांकडे बघत आले होते. आज त्यांनी चेहरा बघितला. डोळे जरासे बारीक झाले होते. डावा गाल आवळला होता. मान एवढीशी खाली गेली होती.

"नयना," ते म्हणाले.

"अहो, खरंच नाही दुखत."

"नयना, मी विचारतोय."

त्यांचे ओठ थरथरायला लागले. आठ वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटते थोडीच? मग एकाएकी त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं.

"दुखतंय!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "डावीकडे, मागे. खूप दुखतंय हो!"

"हां!" मयेकर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता. त्यांनी कवळी हलकेच काढून घेतली, उजेडात धरली आणि कानशी उचलली. "सांगत राहा. तू नाही म्हणेपर्यंत घासतो."